अब्बांच्या कॅसेट आणि शिकागोचा डीजे

गेल्या ईदच्या दुसऱ्या दिवशी मिरजेच्या घरी मोठं भांडण झालं. पुतण्याने पतसंस्थेचं कर्ज काढून मिक्सर, अॅम्प्लिफायर आणि चार स्पीकर आणले होते. आयटीआय झालेला मुलगा, वायरिंगची कामं मिळत होती, चार पैसे घरी येत होते. ते बाजूला ठेवून तो म्हणाला, मी डीजे होणार.

भाईजान दारात उभे राहिले. "हे सामान घरात येणार असेल तर मी बाहेर झोपतो," म्हणाले. त्यांच्या तक्रारी दोन. एक दीनची: गाणंबजावणं आपल्यात चालत नाही. दुसरी अब्रूची: सतारमेकरचा नातू मिरवणुकीत धडामधुडूम करत फिरणार, लोक काय म्हणतील? पुतण्या माझ्याकडे वळला. "चाचा, तुम्ही सांगा ना यांना."

मी लिहितो, म्हणून घरातल्या भांडणात निवाडा मी करावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते. त्या दिवशी मी शिरखुर्म्याची वाटी हातात धरून गप्प बसलो. का, ते आज सांगतो. पण त्याआधी शिकागोच्या एका माणसाबद्दल सांगावं लागेल.

आपल्याकडे डीजे म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. गणपती असो, जयंती असो, लग्नाची वरात असो की उरुसाचा संदल, सगळीकडे तीच भिंत आणि तोच छातीत बसणारा आवाज. मला तो सोसत नाही. आमच्या गल्लीत हृदयरोगी आहेत, तान्ही मुलं आहेत. त्यामुळे डीजे या शब्दाबद्दल माझं मत भाईजानपेक्षा फार वेगळं नव्हतं.

२०२४च्या उन्हाळ्यात मुलीकडे शिकागोला गेलो होतो. देवॉन अॅव्हेन्यूवर हैदराबादी बिर्याणी खाऊन झाली, तलाव बघून झाला. मग एक दिवस ती म्हणाली, "अब्बू, आज एका डीजेचा रस्ता दाखवते." मला वाटलं चेष्टा करतेय. पण शहराच्या मध्यभागापासून थोडं पश्चिमेला, जेफरसन स्ट्रीटवर खरोखरच तपकिरी पाटी होती: फ्रँकी नकल्स वे. शेजारी २०६ क्रमांकाची तीन मजली जुनी इमारत. बाहेरून बघितली तर आपल्या एमआयडीसीतला एखादा जुना कारखाना वाटावा. शिकागो महापालिकेने २०२३मध्ये तिला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला आहे.

फ्रँकी नकल्सचा जन्म १९५५चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला. काळा मुलगा, कपड्यांचं डिझाइन शिकणारा. त्याचा जिवलग दोस्त लॅरी लेव्हान. दोघे मिळून क्लबांत पडेल ते काम करायचे, फुगे फुगवून खोल्या सजवण्यापर्यंत. पुढे समलिंगी पुरुषांच्या एका स्नानगृहातल्या नाचाच्या जागी दोघे रेकॉर्ड वाजवू लागले. रॉबर्ट विल्यम्स नावाचा ओळखीचा माणूस शिकागोत क्लब काढत होता. त्याने आधी लॅरीला विचारलं. लॅरीला न्यूयॉर्क सोडायचं नव्हतं. म्हणून बोलावणं फ्रँकीला गेलं आणि १९७७मध्ये बावीस वर्षांचा फ्रँकी शिकागोत आला. क्लबचं नाव वेअरहाऊस. म्हणजे गोदाम.

त्या गोदामात कोण यायचं? बहुतेक काळे आणि लॅटिनो तरुण, आणि त्यातले बरेचसे समलिंगी. इथे माझ्या काही वाचकांना अडखळायला होईल. मलाही झालं. पण जरा थांबून ऐका. ही मुलं आपल्या वस्तीत, आपल्या चर्चमध्ये उघडपणे बसू शकत नव्हती. आणि गोऱ्या समलिंगी लोकांच्या बारमध्ये गेली तर दारावरचा माणूस एका ओळखपत्रावर समाधानी व्हायचा नाही. दुसरं दाखव, तिसरं दाखव. गोऱ्या पोरांना तसं कोणी विचारत नसे. पुण्यात भाड्याने घर शोधताना मी फोनवर आडनाव सांगितल्यावर "अहो, कालच दिलं" हे किती वेळा ऐकलंय, त्याची मोजदाद नाही. दारावरच्या त्या प्रश्नाचा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

वेअरहाऊसमध्ये दारू मिळत नसे. फळांचे रस, पाणी, एवढंच. शनिवारी रात्री नाच सुरू व्हायचा आणि रविवारची दुपार उजाडली तरी चालायचा. फ्रँकी या जागेला चर्च म्हणायचा, ज्यांना चर्चने बाहेर काढलं त्यांचं चर्च. त्याला समोरची गर्दी वाचता यायची. दोन तबकड्या, दोन्हींवर दोन वेगळी गाणी. पहिलं गाणं संपत आलं की दुसऱ्याचा वेग कमीजास्त करून दोन्ही ठेके एकमेकांवर बसवायचे, आणि नाचणाऱ्याच्या पावलाला कळूही न देता एका गाण्यातून दुसऱ्यात न्यायचं. कधी तो दिवे पूर्ण घालवायचा आणि आगगाडीच्या आवाजाची रेकॉर्ड लावायचा. अंधारात आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत जायचा. लोकांना वाटायचं, गाडी आपल्या अंगावरून गेली.

हे ऐकताना मला अब्बा आठवले. ते तंबोऱ्याची जवारी काढायचे. घोडीवरून कानशीचा एक हलका हात फिरवायचा, तार छेडायची, डोळे मिटायचे, पुन्हा एक हात. आवाज खुलला की मान हलायची. पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यात कुठला सूर राहील हे ते बोटाने टिचकी मारून सांगायचे. ते कधी शाळेत गेले नाहीत. त्यांचं सगळं शिक्षण कानात होतं.

शिकागोत फ्रँकीचं नाव होऊ लागलं त्याच काळात एक गोष्ट घडली. १२ जुलै १९७९. कॉमिस्की पार्क हे बेसबॉलचं मैदान. रेडिओवरच्या एका गोऱ्या निवेदकाने, स्टीव्ह डालने, डिस्कोविरोधी मोहीम चालवली होती. त्या रात्री डिस्कोची एक रेकॉर्ड घेऊन येणाऱ्याला ९८ सेंटमध्ये तिकीट होतं. सुमारे ५०,००० लोक आले. दोन सामन्यांच्या मध्ये मैदानावर रेकॉर्डचा ढीग स्फोट करून उडवला गेला. मग हजारो लोक मैदानात उतरले, जाळपोळ झाली आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. त्या मैदानात लोकांना जागा दाखवण्याचं काम करणारा एक काळा मुलगा होता, व्हिन्स लॉरेन्स. पुढे त्याने सांगितलं की लोकांनी आणलेल्या रेकॉर्डांत डिस्को नसलेल्याही खूप होत्या. त्यांच्यात सारखी गोष्ट एकच होती, गाणारे काळे होते.

शिकागोच्या त्या रस्त्यावर उभं राहून मुलगी मला हे सांगत होती आणि माझ्या तळहाताला घाम सुटत होता.

कारण मीही कॅसेट जाळल्या आहेत.

१९९३चा उन्हाळा. डिसेंबर आणि जानेवारी होऊन गेले होते. मी अठरा वर्षांचा. कॉलेजात जी पोरं कालपर्यंत खांद्यावर हात टाकायची ती आता माझ्याकडे बघून बोलणं थांबवायची. त्या दिवसांत कोणीतरी आम्हा मुलांना सांगितलं की हे सगळं आपल्यावर आलं, कारण आपण बिघडलो. आम्हाला ते पटलं. बाहेरचं काही आपल्या हातात नव्हतं, स्वतःला साफ करणं तेवढं होतं. एका संध्याकाळी गल्लीतल्या सात-आठ पोरांनी घरोघरच्या कॅसेट आणल्या. मी अब्बांचा पत्र्याचा डबा उचलून नेला. त्यात कव्वाल्या होत्या, नाट्यगीतं होती, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या रेकॉर्डवरून कोणाकडून तरी भरून घेतलेली एक कॅसेट होती. खाँसाहेबांची कबर आमच्या मिरजेत, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसात तिथे दरवर्षी गाणं होतं आणि अब्बा पहाटेपर्यंत बसायचे. मी फिती ओढून काढल्या आणि रॉकेल टाकलं.

अब्बा कामावरून आले. धूर बघितला. मला काही बोलले नाहीत. त्या दिवसानंतर माझ्यासमोर त्यांनी कधी काही गुणगुणलं नाही. २००६मध्ये ते गेले. मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती हे कळलं तेव्हा मला शब्द सापडेनात, आणि सापडले तेव्हा ते नव्हते.

म्हणून भाईजान "चालत नाही" म्हणाले तेव्हा मी गप्प होतो. संगीत जायज की नाजायज, यावर आपल्या उलेमांमध्ये शेकडो वर्षांचे मतभेद आहेत. तो निवाडा माझ्यासारख्याने करायचा नाही. मला माझ्या हातांनी काय केलं तेवढं माहीत आहे.

फ्रँकीकडे परत येतो. मैदानावरच्या त्या रात्रीनंतर डिस्कोचा बाजार बसला. कंपन्या नव्या नाचाच्या रेकॉर्ड फारशा काढेनात. आणि शनिवार तर दर आठवड्याला येतो. लोकांना नाचवायचं कशावर? फ्रँकीने ध्वनिमुद्रण शिकलेल्या एका मित्राला हाताशी धरलं आणि जुन्याच गाण्यांच्या फिती कापून जोडायला घेतल्या. नाचाला रंग आणणारा तुकडा चार वेळा जोडून लांबवायचा, मधलं गाणं काढून टाकायचं, खाली नवा ठेका सरकवायचा. पुढे त्याने रोलंडचं ९०९ हे ठेक्याचं यंत्र घेतलं, डेट्रॉइटच्या डेरिक मे या तरुणाकडून. या कापाकापीतून एक वेगळाच आवाज तयार झाला. वेअरहाऊसमध्ये वाजतं ते गाणं द्या, असं पोरं रेकॉर्डच्या दुकानात मागू लागली. बोलता बोलता 'वेअर' गळालं आणि 'हाऊस' राहिलं. नाव असं पडलं, असं सांगतात. हाऊस म्यूझिक. मैदानात जागा दाखवणाऱ्या त्या व्हिन्स लॉरेन्सने १९८४मध्ये जेसी सॉन्डर्सबरोबर एक रेकॉर्ड काढली, ती हाऊसची पहिली रेकॉर्ड मानतात. जे संपवायला ५०,००० लोक जमले होते, ते त्याच शहरातल्या गोदामात नवं नाव घेऊन उभं राहिलं. फ्रँकी स्वतः हाऊसला डिस्कोने घेतलेला सूड म्हणायचा.

१९८२च्या सुमारास, वेअरहाऊसला धंद्याचं रूप येतंय असं वाटल्यावर त्याने ते सोडलं आणि पॉवर प्लांट नावाचा स्वतःचा क्लब काढला. दशक संपेपर्यंत लंडनमध्ये त्याच्या तालावर लोक नाचू लागले होते. मायकेल जॅक्सन, डायना रॉस यांची गाणी त्याने नव्याने बांधली. १९९८मध्ये रीमिक्ससाठीचं ग्रॅमी पहिल्यांदा दिलं गेलं, ते त्याला. २००४मध्ये रस्त्याला नाव मिळालं. पुढे मधुमेहाने एक पाऊल गमवावं लागलं तरी तो वाजवत राहिला. मार्च २०१४मध्ये, ५९व्या वर्षी, तो गेला. त्याच्या हजारो रेकॉर्ड शिकागोच्या दक्षिण भागात, बंद पडलेल्या एका बँकेच्या इमारतीत जपून ठेवल्या आहेत. शहरातल्या एका मैदानावर रेकॉर्ड फोडल्या, आणि त्याच शहरात एका डीजेच्या रेकॉर्ड बँकेत ठेवल्या. मला अब्बांचा पत्र्याचा डबा दिसत राहिला.

ईदच्या त्या भांडणानंतर चार दिवसांनी मी भाईजानना हे सगळं सांगितलं. डिस्को, गोदाम, मैदान, आणि शेवटी माझा उन्हाळा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत गेले आणि रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट घेऊन आले. त्या रात्री विझलेल्या ढिगातून अब्बांनी ती उचलली होती. फीत एका ठिकाणी तुटलेली, पुष्कळ ठिकाणी चुरगळलेली. पेन्सिलीने गुंडाळून परत आत बसवलेली. भाईजानना माहीत होतं. त्यांनी तीस वर्षं मला सांगितलं नाही.

पुतण्याने ती उजेडात धरून बघितली. छोट्या ब्लेडने तुटलेली टोकं तिरकी कापली आणि चिकटपट्टीने जोडली. कुठून तरी जुना टेपरेकॉर्डर आणला. खाँसाहेबांचा आवाज आला, मध्येच पाण्याखाली गेल्यासारखा झाला, पुन्हा वर आला. जोडाच्या ठिकाणी एक ठोका निसटला. पोराने मान वळवून ऐकलं, अगदी अब्बांसारखे डोळे मिटून. "चाचा, इथे थोडी कमी कापायला पाहिजे होती," म्हणाला.

सामान आता घरात नाही, स्टँडजवळच्या भाड्याच्या गाळ्यात आहे. भाईजाननी दोन अटी घातल्या: रात्री दहानंतर एक बटणही दाबायचं नाही, आणि दवाखान्यासमोर आवाज बंद. पोराने मान्य केल्या. भाईजान अजून त्याचं वाजवणं ऐकायला गेलेले नाहीत. गाणं चालत नाही, हे त्यांचं मतही बदललेलं नाही. पण परवा फोनवर मला विचारत होते, त्या शिकागोवाल्याचं नाव काय म्हणालास?