पाच दिवसांचा बेत

प्रवास करण्यापेक्षा प्रवासाचा बेत करण्यातच अधिक सुख आहे, असं माझं फार दिवसांचं मत आहे. बेतात गाडी चुकत नाही, डास चावत नाहीत, आणि वाघ हटकून दिसतो. मी स्वतः चार वेळा काश्मीरला आणि दोनदा रामेश्वरला जाऊन आलो आहे. या साऱ्या यात्रा जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने झाल्या. प्रत्यक्षात माझा सारा जन्म चांद्यात गेला. सरकारने १९६४ च्या सुमारास गावाचं नाव चंद्रपूर केलं, ते मी कागदोपत्री इमानाने लिहितो. पण घरात बोलताना आमच्या तोंडून अजूनही चांदाच निघतं.

तेव्हा आषाढातल्या एका रात्री पुण्याहून ताईचा फोन आला आणि ती म्हणाली, "बाळ, दिवाळी झाली की मी चांद्याला येते. पाच दिवस राहीन. काय काय दाखवशील ते आधी कळव," तेव्हा मला किती आनंद झाला असेल, याची कल्पना तुम्हांला येईल. ताईने ऐंशी ओलांडलेली. सोबत तिचा नातू येणार. त्याला फक्त वाघ पाहायचा आहे. मी लगेच भिंतीवरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर उतरवलं.

पहिला दिवस अर्थातच गावाचा. बाहेरच्या माणसाला आमचं गाव म्हणजे कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्राची धुरांडी आणि वैशाखातला वणवा एवढंच ठाऊक असतं. त्यात खोटं काही नाही. वीज केंद्र २९२० मेगावॉटचं आहे, आणि वाळत घातलेल्या धोतरावर त्याची राख आम्ही रोज मोजतो. पण या राखेखाली एका राजधानीचं गाव आहे. खांडक्या बल्लाळशाह या गोंड राजाच्या अंगावरचे फोड झरपट नदीच्या पाण्याने बरे झाले, आणि पुढे त्याच रानात कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्याच पाठीस लागलेला त्याला दिसला. ही भूमी शूर आहे असं राणीने ओळखलं आणि इथे नगर वसवायला सांगितलं, अशी कथा आहे. गावाभोवती परकोट, त्याला चार वेशी: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. शिवाय पाच खिडक्या. वेशीवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. आजकाल जटपुरा वेशीतून रिक्षा आणि मोटारी ज्या गतीने सरकतात, ती पाहून त्या सिंहालाही जांभई येत असेल. परकोटावर रान माजलं होतं. २०१७ पासून गावातल्या तरुण मुलांनी हातात कुदळी घेऊन तो मोकळा केला. हे ताईला मुद्दाम दाखवायचं, कारण लहानपणी त्याच भिंतीवर चढल्याबद्दल तिने माझी तक्रार वडिलांकडे नेली होती.

मग राणी हिराईने बांधलेलं महाकालीचं देऊळ. चैत्रात इथे नांदेड-परभणीकडची नि तेलंगणातली माणसं डोक्यावर बोचकी घेऊन लोटतात, आणि महिनाभर आमच्या गल्लीत मराठीच्या चार तऱ्हा आणि तेलुगूच्या दोन ऐकू येतात. तिथून लालपेठेला. कोण्या रायप्पा नावाच्या कोमटी सावकाराने शंकराचं अजस्र देऊळ बांधायला काढलं आणि ते पुरं होण्याआधीच तो गेला. त्याच्या प्रचंड मूर्ती उघड्यावर तशाच पडून आहेत. दहा तोंडांच्या देवीला लोक बिनदिक्कत रावण म्हणतात. मग दीक्षाभूमी. नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी इथेही हजारो माणसांना धम्मदीक्षा दिली. वडील मला सांगत, की त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि तुरुंगाच्या आवारातला तो पिंपळ, जिथे गोंड वीर बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फाशी दिलं. संध्याकाळी बंगाली कॅम्पात रसगुल्ले. पूर्व बंगालातून उखडलेली माणसं साठीच्या दशकात सरकारने इकडच्या जंगलात आणून वसवली. मुलचेरा-चामोर्शीकडे त्यांची गावंच्या गावं आहेत, दुर्गापूजा होते, आणि त्यांची नातवंडं आता माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात.

एवढं एका दिवसात कसं होणार, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी विचारला. बेताच्या आनंदात विरजण घालण्यासाठीच परमेश्वराने बायको निर्माण केली असावी. त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला आणि म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी ताडोबा लिहिलंय तुम्ही. त्या दिवशी वार कोणता?"

वार मंगळवार होता. ताडोबा मंगळवारी बंद असतं. चांद्यात जन्म घालवलेल्या माणसाने ही चूक करावी, यावर त्यांनी दोन दिवस माझी मनसोक्त थट्टा केली.

मी दिवस फिरवले. बुधवारी पहाटे मोहर्लीच्या दारातून आत जायचं. नातवाला वाघ दाखवायचा, ताईला तळं. १९५५ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं, पण रानाला नाव मिळालं ते तारू या आदिवासींच्या देवावरून. वाघाशी झुंजताना मेलेला गावचा मुखिया तो. तळ्याकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे. वाघाने मारलेल्या माणसाच्या नावाने वाघाचं रान ओळखलं जातं, ही गोष्ट मला फार आवडते. तिसऱ्या दिवशी मार्कंडा, जिथे वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि काठावर कोरीव देवळांचा मेळा बसला आहे. चौथ्या दिवशी जुनोन्याचं तळं आणि बल्लारपूरचा लाकडाचा डेपो. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली सागवान इथूनच गेलं. रात्री, जमलं तर, एखाद्या गावच्या मंडईत झाडीपट्टीचं नाटक. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मांडव पडतात आणि पहाटेपर्यंत नाटकं चालतात. पाचव्या दिवशी विश्रांती आणि आग्रहाचं जेवण.

कागद पक्का झाला. मी तो फोनवर ताईला वाचून दाखवला. मधूनमधून ती "हो का?", "अगबाई!" म्हणत होती. संपल्यावर थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

"छान आहे रे. पण यात सिरोंचा कुठे आहे?"

आता खरं सांगायला हवं. सिरोंचा मी विसरलो नव्हतो. मी ते लिहिलं नव्हतं.

ताईचं लग्न १९६३ साली झालं. भावजी जंगलखात्यात होते. लग्नानंतर वर्षाच्या आत त्यांची बदली सिरोंच्याला झाली. तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा झालेला नव्हता. तो पुढे २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. सिरोंचा म्हणजे आमच्याच जिल्ह्याचं दक्षिण टोक. पण चांद्याच्या माणसाला ते मुंबईपेक्षा लांब वाटे. वर्धा आणि वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता गावाला लागून वाहते आणि पुढे गोदावरीत शिरते. पलीकडे कालेश्वर. बाजाराची भाषा तेलुगू, कचेरीची मराठी, रानातली माडिया नि गोंडी. १९६६ च्या उन्हाळ्यात वडील मला घेऊन ताईला भेटायला गेले. मी बारा वर्षांचा. आलापल्लीपर्यंत एस. टी., आणि पुढे सागाचे ओंडके आणायला निघालेल्या रिकाम्या ट्रकमध्ये. धूळ खात, झोपत, जागत. संध्याकाळी पोचलो तेव्हा ताई दारात उभी होती. तिच्या कडेवर दीड वर्षाची मुलगी.

शेजारच्या बाया तिला चिन्नी म्हणत. चिन्नी म्हणजे लहानगी. ती त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढत होती, म्हणून बोलायला शिकली तीही तेलुगूच. तिला तहान लागली की ती माझा सदरा ओढून "नीळ्ळू" म्हणे. नीळ्ळू म्हणजे पाणी. मला ते कळेना. मी तिला नदी दाखवी, आणि ती रागावून रडे. ताई आतून हसत येई आणि फुलपात्र तिच्या तोंडाला लावी. पंधरा दिवसांत मीही पाण्याला नीळ्ळूच म्हणायला लागलो.

आम्ही परत आलो. श्रावणात चांद्याला एक पोस्टकार्ड आलं. त्याचा कोपरा फाडलेला होता. आईने ते वाचायच्या आधीच खाली ठेवलं. मुलीला हिवताप झाला होता, नद्या फुगल्या होत्या, आलापल्लीची वाट बंद होती. भावजींनी तिला प्राणहितेच्या काठी, चिंचेच्या झाडाखाली पुरलं. पत्र आमच्या हाती पडायला अकरा दिवस लागले. पाऊस ओसरल्यावर भावजींनी बदली मागून घेतली. त्यानंतर आमच्या घरात सिरोंच्याचं नाव कोणी काढलं नाही. ताईला पुढे दोन मुलगे झाले. त्यांना हे ठाऊक नसावं, असंच मी धरून चाललो होतो. आई-वडील गेले. गेल्या वर्षी भावजीही गेले. त्या मुलीला डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता जगात दोनच उरली आहेत, आणि त्यांतला एक मी आहे, हे मला ताईच्या त्या प्रश्नाने कळलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या भाच्याचा फोन आला. "मामा, आई सिरोंचा सिरोंचा करत बसली आहे. दोनशे किलोमीटर! या वयात! आणि ते गडचिरोली..." पुण्या-मुंबईला गडचिरोली हे नाव वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षं एकाच बातमीबरोबर पोचलं, त्याला त्या पोराचा काय इलाज? हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्पात माणसं राहून काम करताहेत, सिरोंच्याच्या रानात सापडलेल्या प्रचंड प्राण्याची हाडं कलकत्त्याला उभी करून शास्त्रज्ञांनी त्याला रवींद्रनाथांचं नाव दिलं, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे मामा, पण तिथे आहे काय तिचं?"

माझ्या जिभेवर आलं होतं. पण दुसऱ्याचं गुपित सांगण्याचा अधिकार धाकट्या भावाला नसतो. मी विषय बदलावा म्हणून विचारलं, आई जेवते-खाते ना नीट? तो हसून म्हणाला, "जेवते. रात्री मात्र उठून पाणी मागते, आणि तेही आमच्या घरच्या भाषेत. नीळ्ळू दे म्हणते. लहानपणापासून आमच्याकडे पाण्याला नीळ्ळूच म्हणतात. आईने कुठून काढलाय हा शब्द, देव जाणे!"

मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. साठ वर्षं त्या घरात तो शब्द वावरतो आहे, मुलं वाढली, नातवंडं वाढली, त्या शब्दाने पाणी मागून प्यायली.

भाच्याला एवढंच म्हणालो, "तू येऊ नकोस अडवायला. मी नेतो."

नवा बेत करावा लागला. मंडई गेली, जुनोना गेलं, मार्कंडा जाता जाता. आष्टीवरून वैनगंगा ओलांडायची आणि आलापल्लीला मुक्काम करायचा, म्हणजे एकदम दोनशे किलोमीटर अंगावर येणार नाहीत. तिथल्या राखलेल्या जुन्या सागवनात ताईला थोडं बसवायचं. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला. आकाशाला भिडलेले ते साग ताई तिथून गेली तेव्हाही उभे होते. पुढचा शंभरेक किलोमीटरचा रस्ता कसा आहे याबद्दल जितक्या लोकांना विचारलं तितकी उत्तरं मिळाली. म्हणून पहाटे निघायचं. परत येताना, वाटलं तर, गोदावरीवरचा पूल ओलांडून कालेश्वरचं दर्शन. पूर्वी तिथे नाव लागे. सौभाग्यवतींनी या खेपेस वार तपासले आणि काही बोलल्या नाहीत. फक्त माझ्या औषधांची डबी यादीत लिहिली.

राहिला एक प्रश्न. ते झाड. साठ वर्षांत नदीने काठ किती वेळा बदलला असेल! खाली गोदावरीवर मेडीगड्ड्याचा बंधारा २०१९ मध्ये झाला, त्याचं पाणी मागे फुगलं. २०२२ मध्ये पुष्कर मेळ्याला लाखो माणसं त्या काठावर उतरली. सिरोंच्याला माझे एक स्नेही आहेत, निवृत्त शिक्षक. त्यांना सगळं न सांगता मी विनंती केली, की जुन्या वस्तीच्या बाजूने नदीकाठी एखादं म्हातारं चिंचेचं झाड आहे का, तेवढं पाहून या. गृहस्थ खरोखरच उन्हातून जाऊन आले आणि त्यांच्या तेलुगू हेलातल्या मराठीत म्हणाले, "सर, झाडं तीन आहेत. तिन्ही म्हातारी आहेत. तुम्हांला कोणतं पाहिजे?"

हे ताईला सांगावं की नाही, यात माझे चार दिवस गेले. एकच झाड आहे असं सांगितलं असतं तर तिला कळलं नसतं. पण खोटं बोलून तिला कुठल्याही झाडापुढे उभी करणं मला जमेना. शेवटी फोन केला आणि जसं होतं तसं सांगितलं. भावजींनी तेव्हा तिला बरोबर नेलं नव्हतं, ती घरात पडून होती, म्हणून तिलाही ते झाड ओळखता येणार नव्हतं.

ताई थोडी थांबली.

"तिन्हींखाली बसू," ती म्हणाली. "वेळ आहे ना तेवढा?"

मी म्हटलं, आहे. बेतात पाचवा सबंध दिवस मोकळाच ठेवला आहे. शेजारी उभ्या असलेल्या सौभाग्यवतींनी माझ्या हातून पेन्सिल घेतली आणि औषधांच्या डबीखाली लिहिलं: सतरंजी, छत्री, पाण्याचा तांब्या.