हातोहात

गेल्या श्रावणात अण्णाची मुलगी माझ्या दुकानात आली आणि पिशवीतून एक धातूची डबी काढून तिने काउंटरवर ठेवली. रंग उडालेला होता, तरी मी ती तत्काळ ओळखली. आमच्या बेळगावच्या ऑर्केस्ट्रात अण्णा गिटार वाजवी, तेव्हा हे डिले-पेडल त्याच्या पायाशी असे. मराठी गाणे असो की कन्नड, छेडलेला सूर मागून तीन-चारदा उमटे. अण्णाला जाऊन आता सहा वर्षे झाली.

"काका, हे माझ्या स्टुडिओच्या रॅकमध्ये बसवून द्याल?"

तिची रॅक युरोरॅक पद्धतीची. १२८.५ मिलिमीटर उंचीच्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवायच्या आणि वायरींनी एकमेकींना जोडायच्या. मी आतला बोर्ड बाहेर काढला. त्याला नऊ व्होल्ट हवेत, रॅकमध्ये बारा. म्हणून मध्ये एक रेग्युलेटर घातला. रॅकमधला आवाजाचा सिग्नल गिटारच्या कितीतरी पट जोरकस. तो आत शिरताना सुमारे दहावा हिस्सा करायचा आणि बाहेर पडताना पुन्हा वाढवायचा. इथवर ठीक झाले.

बोर्डावर ४०९६ टप्प्यांची एक चिप होती. १९६९ साली फिलिप्सच्या संशोधकांनी ही युक्ती काढली. तिला 'बकेट ब्रिगेड' म्हणतात. आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेने उभी राहतात आणि बादल्या हातोहात पुढे जातात, तसाच इथे आवाजाचा विद्युतभार एका कपॅसिटरकडून दुसऱ्याकडे जातो. सेकंदाला दहा हजार ठोके दिले, तर शेवटच्या हाती पोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. या ठोक्यांची शीळ कानी येऊ नये म्हणून सर्किटात एक गाळणी असते. तिच्यामुळे आवाज बोथट होतो, आणि तोच पुन्हा आत फिरवला की दर खेपेला अधिकच.

इथे माझी कारागिरी नडली. जुने कपॅसिटर काढून मी लहान किमतीचे घातले. आवाज कसा लख्ख झाला! मोठ्या हौसेने तिला ऐकवला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, चांगला आहे. पण हा अप्पांचा नव्हे."

जुने कपॅसिटर सुदैवाने काडेपेटीत जपून ठेवले होते. रात्री बसून एकेक परत डाखले. सकाळी तिने एकच तार छेडली. पहिला पडसाद स्पष्ट, दुसरा मऊ, तिसरा शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. तिने डोळे पुसले. दर हाती थोडे पाणी सांडते खरे. पण आम्ही अण्णाला ओळखत होतो ते त्या सांडण्यासकट.

"पट्टीवर नाव काय घालू?" मी विचारले.

"अप्पा. तुम्ही मराठीत लिहा, काका. खाली मी कन्नडात लिहिते."

रिकामी डबी ती माझ्याकडेच ठेवून गेली. दुकानाच्या फळीवर आहे.