न लागलेला दिवा

इंदापुरात जळालेली मोटर दुरुस्त करीत नाहीत, 'भरतात'. विहीर भरते, पोट भरते, वर्ष भरते, तशीच मोटरही भरते. लोखंडी गाभ्याच्या रिकाम्या खाचांत तांब्याची तार वेढ्या-वेढ्याने बसवायची, म्हणून भरणे. या क्रियापदाशी माझी ओळख १९९४ च्या उन्हाळ्यात झाली. बारावीची परीक्षा संपली होती आणि मामाच्या वाइंडिंगच्या दुकानात हाताखाली माणूस हवा होता.

उन्हाळा हा त्या धंद्याचा सुगीचा काळ. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी मागे हटू लागले की पळसदेवचे बुडालेले देऊळ वर येते, आणि काठावरच्या शेतकऱ्यांना पाण्यामागे धावत मोटरी अन् पाइप खाली सरकवावे लागतात. ऊस तहानलेला असतो, वीज ठरावीक तास येते आणि आली की सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होऊन व्होल्टेज पडते. त्यात एखादा फेज गेला तर मोटर नुसती घुमत राहते आणि जळते.

मामा मोटर उघडल्याबरोबर तार तोडायला बसत नसे. आधी जळाल्याच्या खुणा पाही. सगळी वेटोळी सारखीच काळी पडली असतील तर ताण जास्त झाला किंवा व्होल्टेज कमी पडले. स्टार जोडणीत दोन फेज काळे आणि तिसरा कोरा असेल तर एक फेज येतच नव्हता. डेल्टामध्ये उलट, एकच काळा. एवढ्याशा जागी डाग असेल तर शेजारच्या दोन वेढ्यांचे वॉर्निश गेले. पुढे मला साहित्याच्या वर्गांत 'संहितेचे सूक्ष्म वाचन' शिकवले गेले तेव्हा मी थोडासा हसलो होतो, असे कबूल करतो.

पंपाच्या मोटरीत फिरणाऱ्या भागाला तार नसते. ती असते ड्रिल, मिक्सर, सुताराचे रंधा मशीन यांच्या आर्मेचरमध्ये. हा शब्द मुळात लॅटिन, चिलखताच्या कुळातला. मातीच्या पुतळ्याला आत आधार देणाऱ्या सांगाड्यालाही शिल्पकार आर्मेचरच म्हणतात. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात ग्रामच्या एका यंत्राची वीज चुकून दुसऱ्याला जोडली गेली आणि ते आपोआप फिरू लागले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. (आपल्याकडे नांगर आणि पंप बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिकही निघाले. तरीही वाइंडिंगवाल्याचा हात मराठी ललित गद्यात फारसा उतरला नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.)

एका दुपारी मामा तार आणायला बारामतीला गेला होता. एक सुतार आपले रंधा मशीन घेऊन आले. ते तापत होते आणि कार्बनपाशी ठिणग्या पडत होत्या. मी आर्मेचर बाहेर काढले, सिरीज दिव्याचे एक टोक दांड्याला लावले, दुसरे कम्युटेटरच्या एकेका पट्टीवरून फिरवले. दिवा लागला नाही. कम्युटेटर पॉलिश पेपरने घासला, कार्बन बदलले आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "आर्मेचर चांगलं आहे काका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते जळून परत आले.

मामा ओरडला नाही. त्याने ते आर्मेचर बाजूला ठेवले आणि दुसऱ्या एका नादुरुस्त आर्मेचरवर मला ग्राउलर दाखवला. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचा, वरून इंग्रजी व्ही अक्षरासारखा कापलेला गाभा आणि त्याभोवती तारेचे वेटोळे. मेन्सला जोडले की ते गुरगुरते. आर्मेचर त्या खोबणीत ठेवायचे, सर्वांत वरच्या खाचेवर हॅक्सॉचे पाते आडवे न धरता खाचेच्या लांबीने धरायचे आणि आर्मेचर खाच-खाच फिरवत जायचे. चांगल्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते, पण सगळ्या वाइंडिंगची बेरीज शून्य येते, म्हणून प्रवाह वाहत नाही. वेढे आपसांत चिकटलेले वेटोळे मात्र स्वतःपुरतेच बंद असते. त्यात प्रवाह घुमतो, त्याच्या खाचेचे लोखंड चुंबक बनते आणि पाते थरथरू लागते. अकराव्या खाचेवर पाते असे काही वाजले की माझ्या दातांपर्यंत ते जाणवले.

दिवा फक्त एवढेच सांगतो की तार अंगाला लागलेली नाही. तारेला तार लागली आहे का, हे त्याला विचारलेलेच नसते. ओहम मीटरवरही दोन-चार वेढ्यांचा फरक सहज नजरेतून सुटतो; तुटलेले वेटोळे मात्र तिथे लगेच सापडते, कारण शेजारच्या दोन पट्ट्यांमधला आकडा एकाएकी अनेक पटींनी वाढतो. मी एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला देऊन मोकळा झालो होतो.

मामाने आर्मेचर नव्याने भरले. वेढे मोजायला आणि वेटोळ्याची टोके कितव्या पट्टीला जातात ते लिहून घ्यायला मला बसवले. ती एक पट्टी इकडेतिकडे झाली तरी ठिणग्या पुन्हा सुरू होतात. तीनदा मोजले. पैसे न घेता ते पोचवायला मलाच पाठवले.

सुतारांच्या अंगणात चौकटी उभ्या होत्या. वास्तुशांतीची तारीख ठरलेली, त्यामुळे त्यांनी आणि त्यांच्या मुलाने चार रात्री हातरंध्याने काम ओढले होते. मुलाच्या तळहाताला चिंधी बांधलेली होती. मी आर्मेचर बसवून दिले. काकांनी मशीन चालू केले, कान देऊन आवाज ऐकला, मग बंद केले.

"आता लागला का दिवा?" त्यांनी विचारले.

"नाही," मी म्हणालो. "आणि पातंही वाजलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग आत वळून चहा ठेवायला सांगितला.