बोलण्यातला पाऊस : मेडशीच्या गप्पा आणि शब्दांचा इतिहास

१/ "काय बापा, यंदा मिरग कोरडाच जाते का काय?" अकोला–वाशिम मार्गावरील मेडशी (ता. मालेगाव, जि. वाशिम) या गावी जूनच्या मध्यास दोन माणसे भेटली, की बोलणे बहुधा असेच सुरू होते. परक्यास त्या वेळ घालवण्याच्या गप्पा वाटतात. परंतु या गप्पांतील शब्दांना दीड हजार वर्षांहून मोठा इतिहास आहे.

२/ 'पाऊस' हा संस्कृत 'प्रावृष्'पासून, प्राकृत 'पाउस'मार्गे आला. 'आभाळ' या शब्दाचे मूळ 'अभ्र', 'ऊन' या शब्दाचे 'उष्ण'. उष्णकालाचा उन्हाळा झाला, हिमकालाचा हिवाळा. मधला 'क' झिजून गेला. त्या 'आळा'त 'काल' मात्र राहिला.

३/ शाळेत ऋतू सहा शिकवतात, पारावर तीनच मोजतात. हे अडाणीपण नव्हे. सातवाहनांचे लेख ग्रीष्म, वर्षा व हेमंत असे तीनच ऋतू मानून, त्यांतील पंधरवडे मोजत. नाशिकच्या लेण्यातील वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या लेखाचा काळ आहे : राज्यवर्ष १९, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, दिवस १३.

४/ मेडशीच्या दक्षिणेचे वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. चौथ्या शतकातील दुसऱ्या विंध्यशक्तीच्या वाशिम ताम्रपटावरही राज्यवर्ष ३७, हेमंताचा पहिला पक्ष, दिवस ४ अशीच नोंद आहे. त्याची भाषा काही संस्कृत, काही प्राकृत. राजाज्ञेचा दिवससुद्धा ऋतूवरून सांगण्याची रीत या मातीत इतकी जुनी आहे.

५/ शेतकऱ्याने पावसाळा नक्षत्रांत वाटून घेतला. सूर्य साधारण ७ जूनला मृगात येतो, तो 'मिरग'. पुनर्वसूचा पाऊस 'तरणा', पुष्याचा 'म्हातारा'. मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनेचा. हस्ताचा झाला 'हत्ती'. हस्त म्हणजे हात. पण हत्ती हाही मुळात 'हस्तिन्', म्हणजे सोंडरूपी हात असलेला. लोकांची चूकही व्युत्पत्तीच्या जवळच पडली.

६/ काही शब्द दूरदेशीचे. अरबी 'मौसिम' म्हणजे ठरलेला काळ. तोच फारसीतून येऊन 'मोसमी' वारे झाला आणि पोर्तुगीज–इंग्रजीचा वळसा घेऊन 'मान्सून'. 'हवामान' या शब्दात हवा अरबी, मान संस्कृत. 'पंचनामा' या शब्दात पंच संस्कृत, नामा फारसी.

७/ हा पंचनामा शब्द मेडशी परिसरात सहज उच्चारला जात नाही. सोयाबीन कापून शेतात पडलेले असावे आणि परतीच्या पावसाने ते भिजावे, म्हणजे तलाठ्याची वाट पाहणे आले. मग 'आणेवारी' निघते. पूर्ण पीक १६ आणे, अशी ती जुनी मोजणी. १९५७ साली दशमान नाणी आली आणि सरकारी कागदावर तिची 'पैसेवारी' झाली. ५० पैशांच्या आत म्हणजे टंचाई. आणा चलनातून गेला, पण शेतकऱ्याच्या तोंडून गेला नाही. कारण त्यावर त्याचे वर्ष ठरते.

८/ 'अवकाळी' या शब्दाला अर्थ आहे तो पावसाला काही काळ ठरलेला आहे म्हणून. मिरग, तरणा, म्हातारा ही नावे विसरली, तर पाऊस चुकला एवढे कळेल. कुठे चुकला, हे सांगता येणार नाही. शिलालेखांचे ठसे जपून ठेवले जातात. या शब्दांना दगड नाही, तांबे नाही. ती माणसे बोलतात तोवरच ते आहेत. म्हणून घरातील आजोबा "तरणा कोरडा गेला" म्हणाले, तर ते वाक्य तारखेसह वहीत उतरवून ठेवावे. तीही एक ऐतिहासिक नोंदच आहे.