न्याय वर होईल, मग खाली काय?

ख्रिस्ती बांधवांच्या दफनविधीला आम्ही जातो तेव्हा पाळक दोन गोष्टी हमखास सांगतात. माणूस मातीचा, तो मातीलाच मिळणार; आणि ज्याला इथे न्याय मिळाला नाही, त्याचा न्याय देव करील. रडणाऱ्या बायामाणसांना या शब्दांचा आधार वाटतो. त्या आधाराची टिंगल करणारे आम्ही नव्हे.

पण प्रश्न विचारलाच पाहिजे. मरण सगळ्यांना सारखे करते, तर तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर येथील कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या काढणारी भिंत कशासाठी बांधली गेली? ती देवाने बांधली नाही. धर्म बदलला, तरी जात कबरीपर्यंत सोबत आली. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांबद्दल लिहिताना बाबासाहेबांनी याच दुखण्यावर बोट ठेवले होते.

लूकच्या शुभवर्तमानात लाजराची गोष्ट आहे. श्रीमंताच्या दारात फोडांनी भरलेला लाजर उष्ट्याची वाट पाहत पडलेला असतो. मेल्यावर त्याला सुख मिळते, श्रीमंताला यातना. यातून ‘गरिबाने सोसावे, पुढे बघू’ असा अर्थ काढणारे पुष्कळ आहेत. आम्ही विचारतो, श्रीमंताचा गुन्हा कोणता? त्याने लाजराला मारल्याचे कुठेच म्हटलेले नाही. दारातला माणूस त्याला दिसत असून दिसला नाही, एवढेच. मत्तयाच्या २५व्या अध्यायातही शेवटचा न्याय होतो तो भुकेल्याला जेवू घातले का, तुरुंगातल्याला भेटलात का, यावरच. निकाल वर लागत असेल, पण पेपर इथेच लिहायचा आहे!

फादर स्टॅन स्वामींनी तो झारखंडच्या आदिवासींमध्ये लिहिला. जामिनाची वाट पाहत ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, ते मुंबईत कोठडीत असतानाच गेले. त्यांचा न्याय देवावर सोपवून राज्यव्यवस्था मोकळी होऊ शकत नाही.

आपण बौद्ध ईश्वर मानत नाही. आपल्याला वरचे कोर्ट नाही. अपील इथेच, माणसांपुढे. म्हणून जबाबदारी जास्त. अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशातली धर्माची अट १९९० मध्ये आपल्यासाठी सैल झाली. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजूनही बाहेरच आहेत. ही अट काढावी, असे रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्येच सांगितले. आपल्याला मिळाले म्हणून आपण गप्प बसलो, तर लाजर ज्याच्या दारात पडला होता, तो घरमालक आपणच.

जय भीम!