मालाबरोबर नावही जावे

व्यापारात माल आणि नाव यांचे प्रवास वेगवेगळे असतात. माल गाडीत भरला की वेशीबाहेर पडतो. नाव मात्र कोणीतरी आवर्जून सांगितल्याखेरीज पुढे जात नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रदेशातील जिल्ह्यांनी याचा अनुभव पुष्कळ घेतला आहे. येथून धान, बांबू, तेंदूपाने, मोहफुले पिढ्यानपिढ्या बाहेर गेली. ती कोणी पिकवली, कोणी तोडली, कोणी वेचली, हे पुढच्या बाजारपेठेला क्वचितच कळले.

एचएमटी तांदूळ आज असंख्य घरांत शिजतो. त्याच्या पोत्यावर निरनिराळ्या गिरण्यांची नावे असतात. ज्याने तो शोधला त्याचे नसते. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे हे जेमतेम दीड एकराचे शेतकरी होते. १९८३ मध्ये आपल्या धानाच्या बांधीत त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. ते दाणे त्यांनी जपले, स्वतंत्र पेरले, हंगामामागून हंगाम निवड केली आणि बारीक दाण्याचे, चवदार असे नवे वाण उभे केले. हा तांदूळ बाजारात आला तेव्हा त्याला नाव नव्हते. त्या काळी एचएमटीची मनगटी घड्याळे फार लोकप्रिय होती. व्यापाऱ्याने तेच नाव तांदळाला दिले.

पुढे कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केले आणि श्रेय कोणाचे हा वाद खोब्रागडे यांच्या वाट्याला आला. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने भारतातील ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. परंतु तांदूळ जितका दूर गेला त्या मानाने पैसा त्यांच्या घरी आला नाही. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्रामच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इतर वाणांची नावे मात्र बोलकी आहेत: ‘नांदेड ९२’, ‘नांदेड हिरा’, ‘डीआरके’. त्यांत त्यांचे गाव आणि त्यांची आद्याक्षरे आली आहेत.

व्यवसायवृद्धीसाठी लिंक्डइनसारख्या संकेतस्थळाचा उपयोग करू पाहणाऱ्या व्यापाऱ्याने ही हकिगत ध्यानात ठेवावी. २००३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेले हे संकेतस्थळ केवळ व्यावसायिक ओळखींसाठी आहे. तेथे माणूस आपला धंदा, अनुभव आणि हुद्दा घेऊन येतो. ओळखीचा माणूस, त्याच्या ओळखीचा माणूस, अशा पायऱ्या तेथे स्पष्ट दिसतात. व्यापारी कुटुंबांना ही रचना परकी वाटू नये. पूर्वी परगावच्या पेढीशी नवा व्यवहार सुरू करायचा तर ओळखीची चिठ्ठी नेत. बँकेत खाते उघडतानाही जुन्या खातेदाराची ओळखसही लागत असे. सही करणारा नुसते नाव सांगत नसे. आपली थोडी पत पणाला लावत असे. लिंक्डइनवरील शिफारस त्याच कुळातली आहे. ‘तुम्ही माझी लिहा, मी तुमची लिहितो’ अशा रीतीने जमवलेल्या शिफारशींना म्हणूनच काही किंमत राहत नाही.

मूल, नागभीड किंवा सिंदेवाहीकडील एखाद्या राइस मिलचे उदाहरण घ्यावे. घरातील शिकलेला मुलगा गिरणीच्या नावाने पान उघडतो. त्यावर फाटकाचे छायाचित्र, दिवाळीच्या शुभेच्छा आणि ‘उत्तम दर्जा, वाजवी भाव’ ही ओळ येते. ही ओळ सर्वांच्याच पानांवर असते. तिच्या भरवशावर कोणी एक पोतेही मागवत नाही. दूरच्या खरेदीदाराचे प्रश्न निराळे असतात. तांदूळ कोणत्या वाणाचा, नवा की जुना? ओलावा किती, तुकडा शेकडा किती? महिन्याला किती माल नियमित मिळेल, नमुना कसा पाठवाल? याची खरी आणि नेमकी उत्तरे लिहिली, रोवणीपासून भरडाईपर्यंतची छायाचित्रे दिली, तर ते पान पेढीची ओळख होते.

त्या ओळखीत धान कोणत्या गावचे, कोणाच्या बांधीतले, हेही शेतकऱ्याच्या संमतीने यावे. येथे पुष्कळांचा हात अडखळतो. नाव उघड केले तर खरेदीदार मला वगळून थेट गावात जाईल, ही भीती असते आणि ती निराधार नाही. पण पत्ता लपवणे एवढेच ज्या व्यापाराचे भांडवल आहे, तो फार काळ टिकत नाही. मालाची पारख, साठवण, वेळेवर पोच आणि उधारीची जोखीम ही व्यापाऱ्याची खरी सेवा आहे. शेतकऱ्याचे नाव सांगितल्याने ती हिरावली जात नाही. उलट, जो मूळ लपवत नाही त्याच्या मालाविषयी खरेदीदाराला कमी शंका राहतात.

बांबूच्या व्यापारात या प्रदेशाने असा बदल पाहिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती होता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. बांबूबरोबर जाणाऱ्या कागदावर आता ग्रामसभेची सही येणार होती. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रामुळे चंद्रपूर परिसरात बांबूकामाला नवे वळण मिळाले आहे. अशा कारागिराची टोपली किंवा दिवा लिंक्डइनवर दाखवताना व्यापाऱ्याने आपल्या पेढीच्या नावाखाली त्याचे नाव पुसू नये.

दूरची ओळख गिऱ्हाईक आणते तशी फसवणूकही आणते. अनोळखी परदेशी खरेदीदार एकदम मोठी मागणी कळवतो आणि नोंदणीच्या नावाखाली आधी रक्कम मागतो, तेव्हा हात आखडावा. देशातील खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. निर्यातीसाठी पतपत्राचा आग्रह धरावा आणि ते आपल्या बँकेमार्फत आले तरच खरे मानावे. मोबाइलवर आलेले पतपत्राचे छायाचित्र म्हणजे पतपत्र नव्हे. पहिला व्यवहार लहान ठेवावा. पैसे वेळेवर आले तर दुसरा थोडा मोठा करावा. पेढ्यांची पत अशीच वाढत आली आहे आणि संकेतस्थळ आल्याने हा नियम बदललेला नाही.

खोब्रागडे यांचे वाण बाजारात आले तेव्हा दूरच्या गिऱ्हाइकाला त्यांचे नाव कळण्याचा मार्ग नव्हता. आज तो मार्ग गिरणीच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या फोनमध्ये आहे. त्यावर केवळ आपले नाव मोठे करायचे, की ज्यांच्या श्रमावर पेढी उभी आहे त्यांचेही नाव पुढे न्यायचे, याचा निर्णय व्यापारी घराण्यांच्या नव्या पिढीला घ्यायचा आहे.