तुमची एक वस्तू

2024 च्या मे महिन्यात आमच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. बंगळुरूहून मुलाचा फोन आला, "आई, तुम्ही दोघं सिंगापूरला जाऊन या. तिकिटं, हॉटेल, सगळं मी बघतो." हे वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले, "सिंगापुरात आपल्या ओळखीचं कोण आहे?"

झाले! सिंगापूर तिथेच संपले. ह्यांचे म्हणणे असे की, जायचेच तर दिल्लीला जावे आणि तिथून कलकत्त्याला. केंद्र सरकारच्या नोकरीपायी आमच्या संसाराची पहिली अकरा वर्षे त्या दोन शहरांत गेली. 1981 पर्यंत दिल्ली आणि मग 1985 पर्यंत कलकत्ता. 2001 पासून कलकत्त्याचे सरकारी नाव कोलकाता झाले आहे हे मला ठाऊक आहे. पण ज्या गावात आपण मुलांची बाळंतपणे आणि गोवर-कांजिण्या निस्तरल्या, त्या गावाचे नाव आपल्या तोंडात बदलत नाही.

ह्यांनी लगेच एक वही केली. कुठे कुठे जायचे, काय काय पाहायचे, कुणाला भेटायचे, सारे क्रमवार. मला विचारले, "तुझं काही?" मी म्हटले, "माझं एकच. दीदींना भेटायचं. आणि जमलं तर माझं पुरणयंत्र शोधायचं!" दोघेही हसलो.

ह्या पुरणयंत्राची कथा आमच्या घरात दर होळीला पुरणाबरोबर शिजते. माझ्या आईने लग्नात दिलेले, तुळशीबागेतून आणलेले, तीन पायांचे जड पितळी यंत्र. कलकत्त्याच्या मोलकरणीने ते लांबवले. मुलांना कथा पाठ आहे. सुनेनेही ती लग्नानंतरच्या पहिल्याच होळीला ऐकली. पुढे मी स्टीलचे घेतले, पण पितळेच्या यंत्रातून उतरणाऱ्या पुरणाची सर त्याला नाही, असे मी प्रत्येक वेळी म्हणते.

जानेवारीत निघालो. पूर्वी झेलम एक्सप्रेसच्या उघड्या खिडकीत बसून जात असू आणि दिल्लीला उतरताना आमचे चेहरे एकाच रंगाचे झालेले असत. आता वातानुकूलित डबा, बंद काचा. प्रवास सुखाचा झाला, त्यामुळे त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

दिल्लीत ह्यांच्या वहीचे पहिले कलम होते सरोजिनीनगरचे आमचे क्वार्टर. करोलबागेत दोन वर्षे भाड्याच्या खोलीत काढल्यावर ते मिळाले तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. दोन खोल्या, पुढे हिरवळीचा तुकडा, दारात कडुनिंब. उन्हाळ्यात सारी ओळ बाहेर खाटा टाकून झोपे. आता सरोजिनीनगरला मेट्रोचे स्टेशन आहे. जिन्यावरून वर आलो आणि हे उभेच राहिले. बाजार तसाच होता, गर्दीही तीच. पण क्वार्टरांच्या ओळी जिथे होत्या तिथे पत्र्याचे कुंपण आणि त्याच्यावर डोकावणाऱ्या उंच इमारती. जुन्या सरकारी वसाहती पाडून नव्या बांधायचे काम तिथे काही वर्षांपासून चालले आहे. हे मला वर्तमानपत्रातून ठाऊक होते, ह्यांनाही होते. तरी आपले घर त्यातून वगळले असेल, असे का वाटले कोण जाणे!

हे कुंपणाच्या कडेने चालत मोजू लागले. "इथे पाण्याची टाकी. इथे माझा बस-स्टॉप. इथून चौथी ओळ…" मी म्हटले, "आणि तंदूर कुठे होता?"

"कसला तंदूर?"

मी थक्क झाले. ओळीच्या टोकाला एक सामाईक तंदूर होता. संध्याकाळी साऱ्या पंजाबी बायका परातीत कणीक घेऊन तिथे जमत. शेजारच्या भाभीजी मलाही ओढून नेत. त्या फाळणीत लहानपणी रावळपिंडीहून आलेल्या. तिथेच मी हिंदी शिकले, पोराच्या पोटदुखीवर ओवा कसा द्यायचा ते शिकले, आणि माहेरच्या आठवणीने रडू आले तर तिथेच रडले; धुराचे निमित्त होते. पाच वर्षे ह्यांनी त्या तंदूरच्या रोट्या खाल्ल्या. त्या आमच्या स्टोव्हवर होतात असे ह्यांना वाटत होते!

तेव्हापासून माझ्या ध्यानात आले की आम्ही दोघे एका दिल्लीत राहिलोच नव्हतो. ह्यांची दिल्ली म्हणजे ऑफिस, बस आणि मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवरचे कॉफी हाऊस. तिथे आम्ही गेलो. कॉफी मिळाली, माकडेही होती. ज्या टेबलाशी बसून ह्यांनी आणि ह्यांच्या मित्रांनी 1977 सालचे सरकार बनवले आणि दोन वर्षांत पाडले, ते टेबल ह्यांनी मला दाखवले. माझी दिल्ली म्हणजे पहाटे पाचला दिल्ली मिल्क स्कीमच्या दुधासाठीची रांग. थंडीत बोटे बधिर होत आणि काचेच्या बाटल्या हातातून सुटतील अशी भीती वाटे.

इंडिया गेटला मात्र आमची दिल्ली एक होती. उन्हाळ्याच्या रात्री मुलाला खांद्यावर टाकून तिथे आइस्क्रीम खायला जात असू. ह्यांना कमानीखालची अमर जवान ज्योत पाहायची होती. 1972 पासून ती तिथे तेवत होती. 2022 च्या जानेवारीत ती जवळच्याच राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या ज्योतीत विलीन केली. राजपथाचा त्याच वर्षी कर्तव्यपथ झाला. कमानीखाली रिकामी जागा पाहून हे म्हणाले, "वही चुकीची केली मी."

ह्यांच्या ऑफिसातले जुने मित्र आता नोएडाला चौदाव्या मजल्यावर राहतात. दोघांनी तास-दीड तास रक्तदाबावर चर्चा केली. वहिनींनी मला बाल्कनीतल्या कुंड्या दाखवल्या. निघताना दोघे मित्र एकमेकांचा हात बराच वेळ सोडीनात, एवढे मात्र मी पाहिले.

दिल्लीहून राजधानीने कलकत्त्याला. ही देशातली पहिली राजधानी एक्सप्रेस, 1969 साली सुरू झालेली. आमच्या ऐपतीच्या काळात आम्ही तिला फलाटावरून पाहत असू. आता आत बसून सूप प्यालो. मला वाटते, तिकडून पाहण्यात मजा जास्त होती.

हावड्याला उतरून पुलाकडे पाहिले आणि जिवाला बरे वाटले. 1943 साली खुला झालेला तो पूल होता तसाच आहे. पण आम्ही पुलावरून गेलो नाही, पुलाजवळच्या नदीखालून गेलो! 24 ऑक्टोबर 1984 रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर अशी देशातली पहिली मेट्रो सुरू झाली, तेव्हा त्याच आठवड्यात आम्ही दोन मुलांसह तिच्यात बसलो होतो, आणि मुलगी बोगद्याला घाबरून किंचाळली होती. 2024 च्या मार्चपासून मेट्रो हुगळीच्या तळाखालून धावते. नदी ओलांडायला पाऊण मिनिट लागते. ह्यांनी घड्याळ लावून पाहिले. मी डोळे मिटून गंगेला नमस्कार केला; ती डोक्यावर होती, त्यामुळे हात वर करावे लागले.

हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात उतरलो. ट्राम शोधली, कारण आता ती शोधावीच लागते. चार स्टॉपांपुरते बसून घेतले.

दुसऱ्या दिवशी पौष संक्रांत होती. तिळगूळ घेऊन ढाकुरियाला दीदींकडे गेलो. आमच्या समोरच्या फ्लॅटात त्या राहत. इमारत आणि दीदी, दोघीही अजून उभ्या आहेत. दीदी आता त्र्याऐंशीच्या. कलकत्ता सुटल्यावर दर विजयादशमीनंतर त्यांचे पत्र येई. पुढे पत्रे थांबली, फोन आला. पण प्रत्येक पत्राच्या शेवटी मोडक्या हिंदीत एकच ओळ असे, "तुमची एक वस्तू माझ्यापाशी आहे, ती न्यायला तरी या." किती गोड लिहितात, असे मी म्हणे. मला वाटे, ती वस्तू म्हणजे माझे मन. वाचणाऱ्या भगिनींनी हसू नये. मीही बंगाली कादंबऱ्यांचे अनुवाद वाचलेले आहेत.

दीदींनी मिठी मारली, रडल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "आधी स्वयंपाकघरात चल, पुली करायच्या आहेत." त्या दिवशी बंगाल्यांकडे रताळ्याच्या पुली करतात, आत खोबऱ्याचे सारण घालून नव्या गुळाच्या पाकात सोडतात. ओट्यावर उकडलेली रताळी होती. आणि त्यांच्याशेजारी, चिंचेने घासून लखलखीत केलेले, तीन पायांचे माझे पुरणयंत्र.

"हेच ते," दीदी म्हणाल्या. "रताळ्याच्या शिरा काढायला ह्याच्यासारखं काही नाही. तू बहिणीच्या लग्नाला पुण्याला गेली होतीस ना? दादांनीच काढून दिलं. मग मला वडिलांच्या आजारपणात कृष्णनगरला जावं लागलं, आणि परत आले तर तुम्ही गेलेले!"

मी ह्यांच्याकडे पाहिले. ह्यांचा चेहरा कोरा होता. ह्यांना काहीही आठवत नव्हते.

मला मात्र सारे आठवले. 1985 ची होळी. मी फडताळ उचकते आहे आणि ती दारात उभी आहे. तिला आम्ही मासी म्हणत असू, सारे म्हणत तसे. कॅनिंगच्या लोकलने ती यायची. घरून अंधारात निघायची. माझ्या मुलीला सहा महिने मोहरीच्या तेलाने तिने चोळले होते. मी विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आमी नीइनी, बौदी." मी घेतले नाही. मी तिला त्याच दिवशी काढले. तेवढ्यावर थांबले नाही. इमारतीत आणखी तीन घरी तिची कामे होती. शेजारधर्म म्हणून मी तिन्ही घरी जाऊन सांगून आले. आठवड्यात तीही गेली. दीदींचे दार तेव्हा कुलूपबंद होते.

पुली वळता वळता दीदी म्हणाल्या, "ती मासी पण तेव्हाच सोडून गेली. तशी बाई मला पुन्हा मिळाली नाही. का गेली गं ती?"

मी म्हटले, "काय माहीत." एवढेच म्हणाले. एकावन्न वर्षांच्या संसारात मी पुष्कळ खोटे बोलले असेन, पण ते सारे आठवत नाही.

दीदींनी वर्तमानपत्रात गुंडाळून यंत्र दिलेच. "तुमच्याकडेच राहू द्या," असे मी तीनदा सांगून पाहिले. रात्री खोलीत ते खाटेखाली सारून ठेवले. हे जेवले नाहीत. "मीच दिलं असणार. तू आल्यावर सांगायचं राहून गेलं," असे दोनदा म्हणाले. मला त्यांच्यावर रागवायचे होते. पण त्या तीन घरी हे गेले नव्हते, मी गेले होते. हे तेव्हा ऑफिसात होते.

"तिचं नाव काय होतं?" ह्यांनी विचारले. मला सांगता येईना. चार वर्षांत मी ते कधी विचारलेच नव्हते.

पहाटे साडेपाचला मी उठून लुगडे नेसले. हे काही न विचारता मफलर गुंडाळून बरोबर आले. वहीत नसलेले हे एकच ठिकाण. ढाकुरिया स्टेशनच्या फलाटावर आम्ही उभे राहिलो. कॅनिंगहून लोकल आली आणि बायका उतरू लागल्या. दोन-चार नव्हेत, शेकडो. शाली डोक्यावरून घेतलेल्या, हातात पिशवी, चालणे जवळजवळ पळण्यासारखे. दोन मिनिटांत फलाट रिकामा झाला. मी चेहरे पाहत होते. ती माझ्याच वयाची, म्हणजे आता सत्तरीच्या पुढची. ती ह्या गाडीतून उतरली असती तर मला बरे वाटले असते की वाईट, हेही मला ठरवता येईना.

दुसरी लोकल आली. त्यातली एक साठीची बाई आमच्यापाशी थबकली. दोन म्हातारी माणसे, परगावची, बायकांचे चेहरे निरखताहेत. तिने आपल्या परीने अर्थ लावला. "काजेर लोक खुँजछेन?" कामाला बाई शोधताय का?

मी आधी मान डोलावली, मग नाही म्हणाले. ती क्षणभर पाहत राहिली आणि कामाला उशीर होत असल्यामुळे निघून गेली. हे मातीच्या भांड्यांतून दोन चहा घेऊन आले. तेवढ्यात तिसऱ्या गाडीचा दिवा दिसू लागला.